नकाशाची जुनी आवृत्ती

मोटारगाडीच्या डॅशबोर्डात कारखान्यातूनच बसवून आलेला नकाशा हा साहित्याच्या अभ्यासकाने मनावर घ्यावा असा विषय आहे, असे म्हटले तर काही स्नेह्यांना ते प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु गेले काही महिने प्रस्तुत लेखक या विषयात बराच गुंतलेला होता, आणि त्या गुंतण्याचे कारण निव्वळ तांत्रिक नव्हते. आमची गाडी २०१३ सालची, तीही दुसऱ्या हातून घेतलेली. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा. मधोमध वीतभर रुंदीचा पडदा. गाणी, रेडिओ आणि नकाशा या तिन्हींचा कारभार त्याच्याकडे. नकाशा एका नखाएवढ्या कार्डात भरलेला. त्याला ना इंटरनेट लागे, ना फोन. उपग्रहांकडून आपला ठावठिकाणा कळला की कार्डातल्या नकाशावर गाडीचा बाण उमटे आणि एक बाई इंग्रजीतून डावे-उजवे सांगू लागे. फक्त तो नकाशा ज्या साली तयार झाला, त्या सालीच थांबलेला होता. नव्या नकाशाचे कार्ड पूर्वी विकत मिळत असे. पुढे तेही मिळेनासे झाले.

ग्रंथांच्या जगात याला आपण जुनी आवृत्ती म्हणतो. जुन्या आवृत्तीला आपण चूक म्हणत नाही. संहितेचा अभ्यास करणाऱ्याला तर ती हवीच असते. पण रस्त्यावरून ताशी ऐंशीच्या वेगाने जाताना संहिताभ्यास करता येत नाही, ही अडचण आहेच. नवा बाह्यवळण रस्ता लागला की आमचा बाण महामार्ग सोडून कुणाच्या तरी ज्वारीच्या रानातून निमूटपणे चालू लागे, आणि बाई ‘शक्य होईल तेव्हा मागे वळा’ असे शांतपणे सांगत राही. तिच्या दृष्टीने आम्ही रस्ता सोडला होता. आमच्या दृष्टीने तो रस्ताच तिच्या जगात अजून जन्मला नव्हता.

या आवृत्तीत काय काय होते ते पाहण्यासारखे आहे. आमचा जिल्हा तिच्यात अर्थातच उस्मानाबाद होता. ‘धाराशिव’ ही अक्षरे रोमन लिपीत टाकली (दुसरी लिपी त्या यंत्राला ठाऊकच नव्हती) तर एकच उत्तर येई: धाराशिव लेणी. म्हणजे २०२३ साली शहराला आणि जिल्ह्याला अधिकृतपणे मिळालेले नाव त्या कार्डात होते खरे. पण प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत, डोंगरातल्या लेण्यांपुरते. शासनाच्या कागदावर उस्मानाबाद असतानाही ‘धाराशिवला जाऊन येतो’ असे म्हणणारी म्हातारी माणसे आमच्या भागात होती. त्यांच्या तोंडचे नाव आणि कचेरीच्या शिक्क्यातले नाव अशी दोन नावे घेऊन आम्ही वाढलो, आणि त्यात कुणाला काही विपरीत वाटत नसे. उस्मानाबाद हे नाव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून पडले. निजामी अमलात त्याही आधी हा जिल्हा नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. नामांतराच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मुद्दा इतकाच की, ज्या यंत्राला एका जागेला एकच नाव असते असे शिकवलेले असते, त्या यंत्राला आमच्या भागात पहिल्यापासूनच अवघड जाणार होते.

आणि महामार्ग. सोलापूर सोडून इटकळ, अणदूर, नळदुर्ग, मग जळकोट, येणेगूर, उमरगा असा हैदराबादकडे जाणारा हा रस्ता आमच्या तोंडात ‘नऊ नंबर’ असाच बसलेला. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० साली नव्याने लावले गेले तेव्हा तो पासष्ट झाला. कार्डातला नकाशा त्यानंतरचा असूनही नऊवरच अडून बसलेला होता. या एका बाबतीत तो आणि धाब्यांवरची म्हातारी मंडळी यांचे एकमत होते.

आता खुद्द जळकोटाविषयी. बाहेरच्यांना ‘जळकोट’ म्हटले की लातूर जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव असलेले जळकोट आठवते. आमचे जळकोट तुळजापूर तालुक्यातले, महामार्गावरचे. दोहोंमध्ये शंभर किलोमीटरांहून बरेच अधिक अंतर आहे. शिवाय आमच्याच तालुक्यात जळकोटवाडीही आहे, म्हणजे गोंधळाला घरचाही आहेर. दोन-तीन वर्षांपूर्वी एका छोट्याशा कार्यक्रमासाठी पुण्याहून एक कवी यायचे होते. गाडी त्यांची स्वतःची, अगदी नवी. नकाशा फोनमधला, त्याच दिवसापर्यंतचा ताजा. सकाळी अकराला त्यांचा फोन आला. ‘सर, लातूर मागे टाकलं, आता तासाभरात पोचतोच.’ लातूर मागे टाकलं! आमच्याकडे यायला लातूर वाटेत लागण्याचे कारणच नव्हते. कवी दुपारी साडेतीनला पोचले, कार्यक्रम पाचला झाला, आणि त्यांनी त्या दिवशी वाचलेल्या कविता एरवीपेक्षा बऱ्या वाटल्या, असे निदान आमच्या एका सहकाऱ्याचे मत पडले. असो. सांगायचे ते असे की, नकाशा जुना असल्यामुळे ते चुकले नाहीत. नकाशा नवा होता, यंत्र नवे होते. फक्त नाव दोन ठिकाणी होते आणि यंत्राने त्यांतले मोठे निवडले.

उपग्रहाला यात दोष देता येत नाही, कारण उपग्रह नाव सांगतच नाही. पृथ्वीभोवती फिरणारे ते उपग्रह केवळ वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश एकदम मिळाले की ते किती वेळाने पोचले यावरून गाडीतले यंत्र आपली जागा काढते. हाती येतात ते आकडे: सतरा अंश आणि काही उत्तर, शहात्तर अंश आणि काही पूर्व. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम थोडी चूक मिसळत असे; ती बंद झाली आणि मगच गाडीतल्या नकाशाला खरा अर्थ आला. पुढे आपल्या देशानेही स्वतःची उपग्रहमाला उभारली. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि तिचे नाव ठेवले ‘नाविक’. नाव ठेवण्याच्या बाबतीत ही मंडळी कवी निघाली म्हणायचे. पण नाविक असो की अमेरिकी जीपीएस, आकड्यांवर गावाचे नाव चिकटवण्याचे काम माणसाचे असते. आणि ते माणसाने रोमन लिपीत केले, तिथे आमच्या अडचणीचे मूळ आहे.

आमच्या गाडीतली बाई जळकोटाला ‘जालकॉट’ म्हणे. नळदुर्गाला ‘नाल डर्ग’. तिची कीव यावी असे ते उच्चार होते, पण तिच्यासमोर जे लिहून ठेवले होते तेच ती वाचत होती. इंग्रज अमलात रूढ झालेल्या आणि हंटरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिप्यंतराच्या पद्धतीत ट आणि त यांना एकच अक्षर, ड आणि द यांना एकच, आणि व्यवहारात ळ आणि ल यांनाही एकच. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा छापखान्यातच गळून पडतात. त्यामुळे जळकोट हा शब्द रोमनमध्ये गेला की तो जलकोत, जालकोट, जालकोत यांपैकी काहीही असू शकतो. त्यातून परत जळकोट काढायचा तर ते गाव आधीच माहीत असावे लागते. आमच्या दोन्ही शेजारी गावांना ळ आहे, हा योगायोग त्या बाईला महागात पडला. ळ हा मराठीच्या घरातला वर्ण. काळ आणि काल, नळ आणि नाल, वेळ आणि वेल यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही त्याला मराठी ऐकू येत नाही, असे आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात सांगतो. तो फरक दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कारकुनालाही लिहिता आला नाही. १८५३ साली निजामाकडून काही मुलूख कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा नळदुर्गच्या कारभारावर फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नेमला गेला. १८३९ सालची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिणारा तोच. त्याच्या आत्मचरित्रात हे गाव ‘नलद्रूग’ असे येते. तिथून आमच्या डॅशबोर्डातल्या ‘नाल डर्ग’पर्यंत प्रगती झाली आहे, पण ती नेमकी कोणत्या दिशेने, हे सांगणे कठीण.

शेवटी पडद्याचा स्पर्शच मेला. उजवीकडचा अर्धा भाग बोटाला दाद देईना, म्हणजे ‘ओ’पर्यंतची अक्षरे उमटत आणि पुढची उमटत नसत. जळकोटातला शेवटचा ट कायमचा गेला. मग सोलापूरला जाऊन नवी यंत्रणा बसवून घेण्याचे ठरले.

हे काम वाटते त्याहून सोपेही आहे आणि अवघडही. जुन्या गाड्यांत या यंत्रासाठी डॅशबोर्डात जी खाच असते तिचे माप जर्मन मानकावरून आलेले: एकशे ऐंशी मिलिमीटर रुंद, पन्नास मिलिमीटर उंच. त्याच्या दुप्पट उंचीला बाजारात ‘डबल डिन’ म्हणतात. माप जुळले तर अर्धे काम झाले. नाही जुळले तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे प्लॅस्टिकची चौकट घ्यावी लागते. दुकानातला तरुण हातात चपट्या पट्ट्या घेऊन आला, डॅशबोर्डाची चौकट चार ठिकाणी उचलली, आणि दहा मिनिटांत दहा वर्षांचे ते यंत्र आपल्या आतड्यांसकट बाहेर आले. त्याला पाहिल्यापाहिल्या एकच अट घातली होती: वायरी कापायच्या नाहीत. कंपनीच्या प्लगला जुळणारा तयार कप्लर बाजारात मिळतो, तो थोडा महाग पडतो, पण पुढे काही बिघडले तर मूळ वायरिंग शाबूत राहते. ही अट ऐकून त्याने किंचित आदराने पाहिले. ‘सर, सगळे वायरी छाटून टेप गुंडाळा म्हणतात. दोनशे रुपये वाचतात म्हणून.’

त्या वायरींची भाषा पाठ करण्यासारखी आहे. पिवळी थेट बॅटरीशी जोडलेली, सदैव जागी. लाल चावी फिरवल्यावर जागी होणारी. काळी जमिनीची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार रंगांच्या जोड्या चार दारांतल्या स्पीकरांच्या; प्रत्येक जोडीतल्या एकीवर काळी रेघ. पिवळी आणि लाल एकमेकींच्या जागी लागल्या तर यंत्र चालते, पण चावी काढली की सारे विसरते: वेळ, रेडिओची स्थानके, आवाजाची पातळी. दर सकाळी नव्याने जन्म. दोन्ही एकत्र जोडल्या तर ते झोपतच नाही आणि दोन दिवसांत बॅटरी उतरवते. स्मरणाची वायर वेगळी आणि जागेपणाची वेगळी, हे त्या तरुणाने अगदी सहज सांगितले. मराठीच्या प्राध्यापकाने त्याचे रूपक करू नये म्हणून इथेच थांबतो. उपग्रहाचा संदेश पकडणारी काडेपेटीएवढी काळी डबी त्याने काचेखाली, डॅशबोर्डाच्या वरच्या अंगाला चिकटवली. तिला आकाश दिसावे लागते. पत्र्याखाली घातली तर ती आंधळी होते. स्टिअरिंगवरची बटणे मात्र सहजी चालेनात. त्यांच्यासाठी निराळा जोड लागला, आणि त्यात दुपार गेली.

जुन्या यंत्रातले कार्ड काढून हातात देताना तो म्हणाला, ‘सर, ह्याला आता कोण विचारतंय? फोन जोडा, झालं.’ खरेच आहे. २०१४–१५ पासून गाडीचा पडदा फोनशी जोडण्याच्या सोयी आल्या आणि डॅशबोर्डातल्या नकाशाचे स्वतंत्र आयुष्य जवळजवळ संपले. आता पडदा गाडीचा, नकाशा फोनचा, आणि फोनचा नकाशा कुठल्या तरी दूरच्या यंत्रातला. तो रोज बदलतो. त्याची जुनी आवृत्ती वाचकाच्या हाती राहत नाही. काल त्यात काय लिहिले होते हे आज सांगता येत नाही. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला हे अस्वस्थ करणारे आहे. ते कार्ड म्हणून ठेवून दिले आहे. त्यात एक जिल्हा उस्मानाबाद आहे, एक शहर औरंगाबाद आहे, एक महामार्ग नऊ नंबर आहे, आणि यांपैकी काहीही त्या काळात खोटे नव्हते.

जुन्या यंत्रांचा काळाशी असा झगडा जगभर झालेला आहे. उपग्रहांच्या संदेशात आठवड्यांची मोजदाद १०२४ पर्यंतच होते आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे चक्र एप्रिल २०१९ मध्ये पुरे झाले, तेव्हा तयारी नसलेली कैक यंत्रे वीस वर्षे मागे गेली. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या काही जुन्या मोटारींतली घड्याळे एका सकाळी २००२ साल दाखवू लागली, त्याच्याही बातम्या झाल्या. त्याच होंडाने १९८१ साली, म्हणजे उपग्रहांचा नागरी वापर सुरू होण्याच्या आधी, गाडीत वायूच्या झोतावरून दिशा मोजणारे यंत्र बसवले होते. पारदर्शक कागदावर छापलेला नकाशा पडद्यावर ठेवायचा आणि ठिपका सरकत जायचा.

त्याहून मनोरंजक गोष्ट १९८५ सालची. कॅलिफोर्नियात ‘एटॅक’ नावाच्या कंपनीने गाडीत बसवायचे असे यंत्र काढले की ज्याचा नकाशा कॅसेटमध्ये होता. आपण गाणी ऐकत होतो तशीच कॅसेट. एका बाजूला शहराचा एक भाग संपला की दुसरी घालायची. ‘एटॅक’ हे नाव पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या दर्यावर्दींकडून घेतलेले. त्यांच्या मार्गशोधनाच्या रीतीत होडी स्थिर आहे असे धरायचे आणि बेटे तिच्याजवळून मागे सरकतात असे समजायचे. त्या यंत्राच्या पडद्यावरही तेच: गाडीचा बाण मध्यभागी अचल, नकाशा त्याच्याखालून वाहत जाणारा. आज सगळ्यांच्या फोनवर हेच दिसते. नळदुर्गाची तटबंदी डावीकडून मागे जाते, बोरी नदी मागे जाते, आणि आपण जागच्या जागी.

कॅसेटचा विषय निघाला म्हणून गाण्यांच्या बाजूचेही सांगायला हवे, कारण नकाशापेक्षा त्या बाजूनेच घरातला विरोध अधिक होता. जुन्या यंत्रात काही शे ध्वनिफिती साठवलेल्या होत्या. मूळ कॅसेटी, पुढे कुणा विद्यार्थ्याने संगणकावर उतरवून दिलेल्या. त्यांत पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी होत्या. मराठी गद्य कानाने वाचण्याची सवय आमच्या पिढीला लावण्यात त्या कॅसेटींचा वाटा मोठा आहे, आणि समीक्षेने त्याची पुरेशी नोंद घेतलेली नाही असे माझे मत आहे. छापील पानावर पु. ल. वाचताना जो विराम आपण घेत नाही, तो त्या कॅसेटीत ते स्वतः घेतात. विनोद बराचसा त्या विरामात असतो.

आता गाडीतल्या यंत्राचा एक नियम असा की बाईला काही सांगायचे असले की ती इतरांचा आवाज दाबते. हा नियम नेमका विरामाच्या जागी लागू होतो. पु. ल. थांबले, श्रोते हसायच्या बेतात, आणि ‘पाचशे मीटरवर डावीकडे वळा’. गाडीत आम्ही तिघे-चौघे सहकारी एकत्र जा-ये करतो. त्यांतले इतिहासाचे एक सर या गोष्टीवर इतके संतापत की त्यांनी बाईला बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो बहुमताने संमत झाला. ज्या रस्त्याने वर्षानुवर्षे जातो त्या रस्त्यावर तिची गरज काय, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. नव्या यंत्रात दोन्ही आवाजांची पातळी वेगवेगळी ठेवता येते. बाई आता पु. लं.च्या मागे हळू बोलते, सभेत उशिरा आलेल्या माणसासारखी. एक गोष्ट मात्र कमी झाली. जुन्या यंत्रात मीडियम वेव्ह होते, नव्यात नाही. तो पट्टा फिरवताना दोन स्थानकांच्या मधल्या खरखरीतून एखादे कन्नड गाणे, एखादी तेलुगू बातमी कानी येई. सीमेजवळच्या माणसाला शेजारच्या भाषा अशाच ऐकू येत आल्या आहेत. आता खरखर नाही. आणि आपण न मागितलेले काहीही येत नाही.

पुन्हा नावांकडे येतो. फोनमधल्या नकाशाला भारतीय भाषा बोलायला शिकवण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. गूगलने २०१८ साली मार्गदर्शनासाठी सहा भारतीय भाषा वाढवल्या त्यांत बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम होत्या. मराठी त्या यादीत नव्हती. २०२१ साली नकाशातली ठिकाणांची नावे दहा भारतीय भाषांत आपोआप उतरवण्याची सोय आली तेव्हा मराठी होती. आपोआप, म्हणजे पुन्हा रोमनमधूनच. इंग्रजी पाटीवरून यंत्राने ओळखलेले मराठी. त्यामुळे देवनागरीतही ‘ल’ आणि ‘ळ’ यांची फारकत, ‘ड’ आणि ‘द’ यांची अदलाबदल दिसते, आणि ती अधिक बोचते, कारण आता ती आपल्याच लिपीत आहे. रोमनमधली चूक परकी वाटते. देवनागरीतली चूक घरातल्या माणसाने केल्यासारखी.

फोनमधल्या मराठी आवाजाला देवनागरीत ‘जळकोट’ लिहून दिले तेव्हा त्याने ळ स्वच्छ उच्चारला. गाडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. पण इतिहासाच्या सरांनी लगेच कान टवकारले: ज चुकला. त्याने जीवनातला ज म्हटला. आपण म्हणतो तो जळणातला, जाळ्यातला. तालव्य आणि दंततालव्य. यावर वाद रंगला, आणि त्यातून एक गोष्ट उघडी पडली ती ही की या ठिकाणी दोष यंत्राचा नाही. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार मराठीत आहेत आणि आपल्या लिपीने ते कधीच वेगळे लिहिले नाहीत. तो उच्चार आपण लिहून ठेवलेला नाही, तोंडात ठेवलेला आहे. जो गावात राहिला त्याला येतो. इंग्रज कारकुनावर आणि रोमन लिपीवर आत्ताच जो राग काढला, त्याला इतकी पुरवणी जोडणे प्रामाणिकपणाचे होईल.

मराठीत वाटा आणि ठिकाणे लिहून ठेवण्याची परंपरा मात्र फार जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवावी. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या त्या जागा त्यांच्या अनुयायांनी जाऊन पाहिल्या आणि लिहून ठेवल्या: गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कुठल्या तोंडाचे, त्याच्या कुठल्या अंगाला दुसरे देऊळ, आणि ती जागा नेमकी कुठे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ती पोथी अभ्यासक्रमात असली तर विद्यार्थी कंटाळतात, कारण तिच्यात कथा नाही, भावना नाही, नुसत्या दिशा आहेत. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला कधी अनोळखी गावात एखादे घर शोधावे लागले आहे त्याला त्या गद्याचा अर्थ कळतो. तिथे अंश-कला नाहीत; पण ओळीने चालत गेलात तर पोचता. आणि एक: त्या पोथीतले दिशादर्शन एका जागेवरून पुढच्या जागेकडे जाते. नाव एकटे कधीच येत नाही, त्याच्या डावी-उजवीकडे कुणीतरी असते. दोन जळकोटांचा प्रश्न त्या पद्धतीत उद्भवतच नाही.

आमच्या भागात आजही वाट अशीच सांगतात. उगवतीला, मावळतीला, वरच्या अंगाला. वळणाला कुणी फाटा म्हणेल, कुणी मोड, कुणी पाटी. गावचा फलक जिथे लावलेला तिथून वळायचे म्हणून त्या जागेचेच नाव पाटी. यंत्राच्या शब्दकोशात या तिन्हींना मिळून एक ‘जंक्शन’ आहे. नळदुर्गच्या भोवतालच्या माळावर लमाणांचे तांडे आहेत. त्यांतले कित्येक नकाशावर नुसते घरांचे ठिपके आहेत, नाव नाही. ठिपके अचूक आहेत, हे खरे. आणि थोडे पुढे गेले की भूकंपाचा प्रदेश लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली, आणि पुढे अनेक गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. गाव हलले, नाव बरोबर गेले, आणि जुन्या जागेपुढे ‘जुने’ लागले. तिथल्या माणसाला ‘किल्लारी कुठे’ असे विचारले तर तो आधी विचारतो, कोणती? हा उलटप्रश्न फोन करत नाही. तो निवड करतो आणि निघा म्हणतो. कवींना लातूरकडे नेले ते याच सवयीने.

नवे यंत्र बरे चालले आहे. बाह्यवळण रस्ता त्याला ठाऊक आहे, वाहतूक कुठे तुंबली आहे हे ते आधी सांगते, पाठीमागचा कॅमेरा दिसतो, आणि तुळजापूरच्या घाटात फोनचे जाळे गेले तरी आधी उतरवून ठेवलेला नकाशा कामी येतो. जुने दुरुस्त करत बसावे असे मला एकदाही वाटले नाही. मोटार हे वस्तुसंग्रहालय नव्हे. फोनमध्ये घराची जागा जतन करताना तिला ‘जळकोट, नळदुर्गाजवळचे’ असे देवनागरीत नाव दिले. ते फक्त माझ्या फोनवर दिसते.

या वर्षीच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका तयार होत होती तेव्हा लिपिकाने विचारले, ‘सर, खाली नकाशाचा चौकोन छापायचा ना? मोबाईल धरला की रस्ता येतो.’ छापा म्हटले. त्याच्यावर दोन ओळी स्वतः लिहून दिल्या: सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याने पूर्वेस यावे. अणदूर, मग नळदुर्ग. किल्ला ओलांडल्यावर त्याच रस्त्यावर पुढे जळकोट. लातूर लागल्यास परत फिरावे. शेवटचे वाक्य पत्रिकेत शोभत नाही असे लिपिकाचे म्हणणे पडले. ते ठेवले आहे.